अकरा दिवसांची घाई

माझा वाढदिवस एक जूनला असतो. कागदावर. खरा मी नागपंचमीचा. आईने पुरणाची दिंडं उकडायला ठेवली आणि तिला कळा सुरू झाल्या, मग ती दिंडं कोणी खाल्लीच नाहीत, हे मी आजवर इतक्या वेळा ऐकलंय की त्यात माझाच काहीतरी गुन्हा असावा असं वाटतं.

वडील मला शाळेत घालायला घेऊन गेले तेव्हा सहा पूर्ण व्हायला अडीच महिने बाकी होते. गुरुजी म्हणाले, पुढच्या वर्षी आणा. वडील एसटीत ड्रायव्हर होते. खंबाटकीच्या घाटात मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो, हा माणूस गाडी दामटायचा नाही. घाटातल्या 'अति घाई संकटात नेई' या पाटीवर त्यांची देवाइतकी श्रद्धा. पण पोराच्या बाबतीत भयंकर घाई. "वर्ष फुकट जाईल हो गुरुजी," ते म्हणाले. गुरुजींनी चष्मा पुसला, रजिस्टर पुढे ओढलं आणि जन्मतारखेच्या रकान्यात लिहिलं, एक जून. संपला विषय. आमच्या वर्गात निम्मी पोरं एक जूनची होती. माझ्या वयाच्या लोकांना विचारून बघा, गावोगावचे एक जूनवाले भेटतील. त्या दिवशी राज्यातल्या सुईणींना जेवायलासुद्धा फुरसत मिळाली नसणार.

ती तारीख दहावीच्या सर्टिफिकेटवर गेली, तिथून पासपोर्टवर, तिथून व्हिसावर, आणि माझ्याबरोबर न्यू जर्सीत पार्सिपनीला आली. ऑफिसच्या कॉम्प्युटरला ती पाठ आहे. दर एक जूनला सकाळी मला फुग्यांचं चित्र असलेली मेल येते. मुलगी लहान होती तेव्हा मी तिला गुरुजींची गोष्ट सांगितली होती. तिला ती फारच आवडली. त्या वर्षापासून ती मला एक जूनला कार्ड करून द्यायची, वर रंगीत खडूने लिहिलेलं असायचं, 'हॅपी फेक बर्थडे बाबा'. मग नागपंचमीला खरं कार्ड वेगळं. वर्षातून दोनदा केक खायला मिळतो म्हणून ती गुरुजींवर खूश होती.

ती तीन वर्षांची असताना आम्ही इथे आलो. मी कामाच्या व्हिसावर, बायको आणि मुलगी माझ्या शेपटाला बांधलेल्या. शेपूट हा शब्द कडवट आहे हे मला कळतं, पण कागदावर त्यांची जागा तीच.

इथे कायमचं राहायचं तर ग्रीन कार्ड लागतं, आणि त्याची रांग असते. रांग जन्माच्या देशाप्रमाणे वेगवेगळी, आणि आपली सगळ्यांत लांब. रांगेतला तुमचा नंबर म्हणजे एक तारीख. कंपनीने तुमच्यासाठी पहिला अर्ज ज्या दिवशी टाकला, ती. दर महिन्याच्या मध्यावर सरकारचं बुलेटिन निघतं. त्यात छापलेलं असतं की पुढच्या एक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या लोकांनी पुढे या. आपला नंबर आला की आपली माणसं म्हणतात, डेट करंट झाली. कधी ती तारीख दोन महिने पुढे सरकते, कधी वर्षभर ढिम्म हलत नाही, कधी चक्क मागे जाते. मागे जाणारी तारीख मी आयुष्यात दोनच ठिकाणी पाहिली, एक इथे आणि दुसरी आमच्या गुरुजींच्या रजिस्टरात.

मुलांचा नियम असा. आईबापांच्या अर्जात मूल बसतं ते एकवीस वर्षांचं होईपर्यंत. एकवीस पूर्ण झाली की कायद्याच्या भाषेत ते मूल उरत नाही आणि अर्जातून गळतं. मग ते बालवाडीपासून इथे वाढलेलं असो, शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून दरवर्षी इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत चालत गेलेलं असो. आमची चाललेली होती. माझ्याकडे फोटो आहेत.

तेव्हा आम्हाला एवढंच हवं होतं, की तिला एकवीस पूर्ण व्हायच्या आत आमची डेट करंट व्हावी. माझ्या डोक्यात तेरा वर्षं दुसरं काही नव्हतं. लोकांना वाटायचं, हा माणूस कायम चिडलेला का असतो.

आता त्या अकरा दिवसांचं सांगतो.

मुलगी आठ वर्षांची असताना कंपनीने माझा दुसऱ्या टप्प्याचा अर्ज इमिग्रेशनकडे पाठवला. पहिल्या टप्प्यात रांगेतली तारीख मिळाली होती, या टप्प्यात सरकारने फक्त मान्य करायचं असतं की हो, हा माणूस या कामाला लायक आहे. साध्या मार्गाने गेलं की याला आठ-नऊ महिने लागायचे. वेगळी फी भरली की पंधरा दिवसांत निकाल. या वेगळ्या मार्गाला प्रीमियम म्हणतात. दोन्ही मार्गांनी रांगेतला नंबर तोच राहतो, एक इंचही पुढे जात नाही. फक्त कागद लवकर हातात येतो.

माझा एक नागपूरचा मित्र आहे. त्याची कंपनी वेगळी, पण त्याची आणि माझी रांगेतली तारीख एकाच आठवड्यातली. आमची घरंही एकाच कॉलनीत. त्याचा मुलगा माझ्या मुलीच्या वर्गात, तिच्यापेक्षा पंधरा दिवसांनी मोठा. त्याला मी म्हटलं, मी प्रीमियम करतोय, तूही कर. तो गॅलरीत झोपाळ्यावर बसून चिवडा खात होता.

"काहून इतकी घाई करून राहिला बे," तो म्हणाला. "नंबर तर तोच राहते ना?"

"हातात कागद असलेला बरा," मी म्हटलं.

घरी बायकोही तेच म्हणाली. "होईल की सावकाश. कंपनीला कशाला पिडतोस?" पण मी वडिलांचा मुलगा. वर्ष फुकट जाईल म्हणून ज्याची जन्मतारीख बदलली, त्याला सावकाश हा शब्द कसा कळणार? ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज चालली होती, हेही खरं. मी एचआरच्या बाईंना मेल केली. उत्तर आलं नाही म्हणून दुसरी केली. तिसरी केली ती अजून मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. आपण ऑफिसात वापरतो तेच इंग्रजी, ज्याला इथले लोक हसतात. शेवटची ओळ होती, 'काइंडली डू द नीडफुल अ‍ॅट द अर्लिएस्ट.'

बाईंनी नीडफुल केलं. अकराव्या दिवशी मंजुरी आली. मी ओक ट्री रोडवरच्या आपल्या लोकांच्या दुकानांपर्यंत गाडी काढून पेढे आणले आणि कॉलनीत वाटले. अकराव्या दिवशी आपल्यात काय असतं हे ठाऊक असूनही वाटले. नागपूरवाल्याने दोन पेढे खाल्ले आणि म्हणाला, "भारी काम केलं बुवा तुम्ही." त्याचा अर्ज साध्या मार्गाने गेला आणि नऊ महिने कुठल्यातरी टेबलावर पडून राहिला. मी त्याला मनातल्या मनात आळशी म्हणत असे, आणि खोटं कशाला बोलू, तोंडावरही म्हटलंय.

मग नुसती वर्षं. बुलेटिन यायचं, मी बघायचो, शिव्या द्यायचो, जेवायचो. मुलगी मिडल स्कूलला गेली, हायस्कूलला गेली. तिच्या मैत्रिणी सोळाव्या वर्षी आइस्क्रीमच्या दुकानात काम करायला लागल्या, हिला परवानगी नाही. "व्हाय नॉट?" ती विचारायची. "आपल्या व्हिसावर चालत नाही," मी म्हणायचो. "व्हॉट डू आय टेल देम?" शेवटी तिने मैत्रिणींना सांगितलं की माझे बाबा स्ट्रिक्ट आहेत. इतकी वर्षं मी पार्सिपनीतला सगळ्यांत स्ट्रिक्ट बाप म्हणून ओळखला जातो, ते यामुळे.

दोन वर्षांपूर्वी वकिलाने तयारी म्हणून माझा जन्मदाखला मागितला. ग्रामपंचायतीत नोंदच नव्हती. मग आई आणि आत्या या दोघींनी शपथपत्र करायचं ठरलं की हा अमुक दिवशी आमच्या डोळ्यांदेखत जन्मला. दिवस अर्थात एक जून, कारण सगळीकडे तोच. मी आईला फोन केला.

"शपथेवर खोटं लिहू होय रे?" ती म्हणाली. "नागपंचमी होती. दिंडं चुलीवर होती."

"आई, आता सगळीकडे एक जूनच आहे. पासपोर्टवर तेच आहे. नात अडकेल माझ्या तारखेपायी."

"नातीसाठी होय," ती म्हणाली. "मग लिही बाबा. देवाला मी काय ते सांगेन." ऐंशीच्या घरातल्या बाईने साताऱ्याला नोटरीच्या टेबलावर सही केली. वडील तेव्हा नव्हते. असते तर त्यांनी चार ठिकाणी केली असती.

मुलगी वीस वर्षांची झाली तेव्हा कॉलेजातून सुट्टीला आली होती. तिने हे सगळं प्रकरण स्वतःच्या हातात घेतलं. आमच्यासारखी ती बुलेटिन बघून शिव्या देत नाही, ती कॉम्प्युटरवर तक्ता करते. एके दुपारी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती, बायको कुकर लावत होती, मी कोशिंबिरीला काकडी चोचवत होतो.

"बाबा, देअर इज अ रूल," ती म्हणाली. "हे ऐक."

नियम तिने मला दोनदा समजावला. पहिल्यांदा मी समजून घेतला नाही म्हणून दुसऱ्यांदा. दुसऱ्या टप्प्याचा अर्ज सरकारच्या टेबलावर जितके दिवस पडून राहिला, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करायचे. सरकारच्या उशिराची शिक्षा मुलाला नको, अशी त्या कायद्याची दया. म्हणजे अर्ज नऊ महिने पडला असेल तर मूल एकवीस वर्षं नऊ महिन्यांचं होईपर्यंत कायद्यासाठी मूलच राहतं.

"आपला किती दिवस होता?" तिने विचारलं. फाइल तिच्यासमोरच होती. तिने दोन तारखा बघितल्या, बोटाने मोजलं, मग परत मोजलं. "इलेव्हन डेज?"

"प्रीमियम होतं," मी म्हटलं.

"प्रीमियम कोणी मागितलं?"

कुकरची शिट्टी झाली. तेवढा वेळ मला मिळाला होता, आणि तेवढ्या वेळात मी जे ठरवलं त्याची मला आज लाज वाटते.

"कंपनीने केलं," मी म्हटलं. "ते सगळ्यांचंच करायचे."

बायकोने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मुलीने तक्त्यात एका चौकोनात अकरा लिहिलं आणि लॅपटॉप बंद केला. कोशिंबीर खारट झाली होती, कारण मी मीठ दोनदा घातलं होतं.

त्या हिवाळ्यात मी ठरवलं की सरकारवर केस करायची. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट शिकवलेली, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. बायकोने ती मला ऐकवलीच. "शहाणपणा करून तर इथवर आलो," मी म्हटलं. मंदिरातल्या एका काकांनी सांगितलं होतं की त्यांच्या भाच्याचं कार्ड तीन वर्षं अडकलं होतं, त्याने कोर्टात केस केली आणि दोन महिन्यांत कार्ड घरी. ऑफिसातल्या आणखी एकाचंही तसंच झालं होतं. मला वाटलं, मग आपणच कसले घाबरतो यार. आम्ही तिघं नेवार्कला एका वकील बाईंकडे गेलो. मुलीने सगळी फाइल स्कॅन करून आधीच पाठवली होती.

वकील बाई साठीच्या होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या टेबलावर संत्र्याच्या साली एका कागदावर नीट रचून ठेवलेल्या होत्या. मी म्हटलं, मला सरकारला कोर्टात खेचायचंय.

त्यांनी विचारलं, "उशिराबद्दल?"

"तेरा वर्षांच्या उशिराबद्दल."

त्यांनी मान हलवली, आणि मला वाटलं की शेवटी कोणीतरी ऐकणारं भेटलं. मग त्या म्हणाल्या की तुम्ही ज्यांच्या केसेस ऐकल्यात, त्यांचा नंबर आलेला होता. नंबर आल्यावरही ऑफिसरने फाइल दाबून ठेवली की कोर्टात जाता येतं. कोर्ट ऑफिसला सांगतं, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण निकाल द्या. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. अशा केसेस त्या स्वतः दर महिन्याला करतात.

"तुमची फाइल कोणीही दाबून ठेवलेली नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबतीत सरकारने एक दिवसही उशीर केलेला नाही. तुमचा नंबर यायचा आहे, एवढंच. रांग किती लांब असावी हे कायद्याने ठरवलंय, आणि तो कायदा कोर्ट बदलत नाही."

"म्हणजे कोणावर केस करू?"

"कोणावरच नाही."

मी आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढायला निघालो, तर तिथे पायरीच नव्हती. मी मग त्या अकरा दिवसांचं विचारलं. म्हटलं, आम्ही तो प्रीमियम मागे घेतो, लिहून देतो की आम्हाला नको होता, तुम्ही साध्या मार्गाचे महिने धरा. बोलताना मला कळत होतं की मी बाजारात घासाघीस करावी तसा बोलतोय. बाई हसल्या नाहीत. घाई केलेले आईबाप आपल्याकडे महिन्याला दोन-तीन तरी येतात, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्यासाठी आपण आजवर काही करू शकलेलो नाही. नंबर वेळेत नाही आला तर मुलीला स्टुडंट व्हिसावर न्या, अर्ज लवकर टाका. लवकर हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

परतताना गाडी मी चालवत होतो. मुलगी मागच्या सीटवर फोनमध्ये फाइलची पानं सरकवत बसली होती. मध्येच तिचा अंगठा थांबला. मी आरशात बघितलं. ती एका पानाकडे बराच वेळ बघत होती. मग खिडकीबाहेर बघायला लागली. मी ऑफिसच्या प्रत्येक मेलचा प्रिंट काढून फाइलला लावतो, ही माझी जुनी सवय. ते मला तेव्हा आठवलं नाही.

तिचा वाढदिवस चोवीस एप्रिलचा. हा खरा, हॉस्पिटलच्या शिक्क्यासकट, तासामिनिटांसह. पुण्यात जन्मली ती, तिथे कोणी गुरुजी नव्हते. एक मेपासून आमचा नंबर लागला असता तर ती तेव्हा एकवीस वर्षं सात दिवसांची असती, आणि त्यातून अकरा वजा. वाचली असती. त्या अकरा दिवसांनीच वाचवलं असतं तिला, आणि मी घाई केली ती इतकी काही वाईट नव्हती असं म्हणायला मला जागा राहिली असती. एप्रिलच्या मध्यावर बुलेटिन आलं. आमच्या तारखेच्या तीन आठवडे अलीकडे येऊन थांबलं होतं.

वाढदिवसाला ती घरी आली. बायकोने औक्षण केलं. तिने दोघांना नमस्कार केला, तेव्हा 'शतायुषी हो' म्हणताना मला वाटलं, नको, वय नको वाढायला, एवढं वर्ष थांब. असा आशीर्वाद असतो का कुठे. नागपूरवाला मित्र बायको-मुलासह जेवायला आला होता. त्याचा मुलगा पंधरा दिवस आधीच एकवीस पूर्ण करून बसला होता आणि तरी कायद्याने अजून साडेआठ महिने लहान मूल होता. दोन श्रीखंडाच्या वाट्या संपवून तो बाळ बाहेर बास्केटबॉल खेळायला गेला. मित्र माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आपलं काही डोकं नव्हतं चाललं रे त्यात. कंपनीनेच प्रीमियम नव्हतं केलं." त्याला वाटलं की याने मला बरं वाटेल. त्या माणसाचा मला इतका राग आला की मी त्याला आणखी श्रीखंड वाढलं. त्याची काहीच चूक नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

मेच्या मध्यावर पुढचं बुलेटिन आलं. मी ऑफिसात होतो. तारीख अशी उडी मारून पुढे गेली होती की मला आधी वाटलं आपण भलतीच ओळ वाचतोय. आमचा नंबर लागला होता. एक जूनपासून.

मी खुर्चीवर बसून मोजलं. चोवीस एप्रिल ते एक जून, अडतीस दिवस. अकरा वजा. सत्तावीस.

सत्तावीस दिवसांनी माझी मुलगी मूल उरली नाही. गुरुजींनी चष्मा पुसता पुसता मला अडीच महिने दिले होते. कोणी मागणी अर्ज केला नाही, वकील लावला नाही, वडिलांनी नुसतं 'वर्ष फुकट जाईल हो गुरुजी' म्हटलं होतं. आणि इथे एवढा मोठा देश, एवढे कॉम्प्युटर, एवढी कायद्याची पुस्तकं, सगळे मिळून तिला सत्तावीस दिवस देऊ शकले नाहीत. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडलो. बाहेर आलो तर एक सहकारी म्हणाला, तुझी डेट करंट झाली म्हणे, काँग्रॅट्स. मी थँक यू म्हटलं.

एक जूनला मी सुट्टी घेतली. जेवणाच्या टेबलावर दोन गठ्ठे होते. एका बाजूला बायको आणि मी आमच्या दोघांच्या ग्रीन कार्डाच्या अर्जांवर सह्या करत होतो. त्यात आईचं ते शपथपत्र होतं, खाली तिची थरथरती सही. समोर मुलगी तिच्या स्टुडंट व्हिसाचे कागद पुरे करत होती. तिचा अर्ज वाढदिवसाआधीच गेला होता, पण इमिग्रेशनने त्यात आणखी माहिती मागितली होती, शिक्षण झाल्यावर तुम्ही परत जाणार याचा काय पुरावा.

"आजीचा पत्ता सांग," ती म्हणाली. "कायमचा पत्ता भारतातला पाहिजे."

मी साताऱ्याचा पत्ता सांगितला. ती इंग्रजीत लिहीत गेली. पेठेचं स्पेलिंग तिने मला दोनदा विचारलं. पिनकोड मला आठवेना, तो बायकोने सांगितला. ज्या घरी ती आयुष्यात पाच वेळा गेलीये, ते तिने स्वतःचं कायमचं घर म्हणून लिहिलं आणि खाली सही केली.

तेवढ्यात माझ्या फोनवर ऑफिसची मेल आली, फुग्यांची. फोन टेबलावरच होता, तिघांनाही दिसली. बायको उठून चहा टाकायला गेली. मला वाटलं, आता सांगून टाकावं. तिच्याकडे बघून म्हणावं की प्रीमियम कंपनीने नव्हतं केलं, मी केलं, तीन मेल करून केलं. तोंड उघडलंही. पण तिने आधी मान वर केली.

"बाबा, तुझे ते गुरुजी आहेत अजून?"

"नाही गं. कधीच गेले. का?"

"काही नाही," ती म्हणाली. कागद एकावर एक ठेवून तिने त्यांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. "त्यांना मेल करणार होते. ट्वेंटी-सेव्हन डेज पाहिजेत म्हणून." मग माझ्याकडे न बघता, माझ्याच ऑफिसातल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "काइंडली डू द नीडफुल अ‍ॅट द अर्लिएस्ट."

आत चहा उतू गेल्याचा वास आला. माझ्यापुढे अर्जाचं पान होतं, जन्मतारखेच्या रकान्यात एक जून छापून आलेलं. त्याखाली मी सही केली.